बेनिदोर्म : कोळीवाड्याचें गगनचुंबी नगर

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकान्ते प्रांतांत, बेनिदोर्म नांवाचें नगर आहे. समुद्रांत शिरलेलें एक खडकाळ टोंक, त्यावर चांच्यांपासून रक्षण व्हावें म्हणून पूर्वीं बांधलेला किल्ला, आणि टोंकाच्या दोहों बाजूंस लेव्हान्ते व पोनिएन्ते हे दोन अर्धचंद्राकृति वाळूचे किनारे, एवढेंच या गांवाचें वैभव होतें. इ. स. १९५० च्या सुमारास येथील वस्ती तीन हजारांच्या आंतबाहेर होती.

गांवचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट भरीत. कुपा जातीच्या मोठ्या माशांच्या वाटेवर जाळ्यांचा जणूं वाडाच उभारून ते पकडण्याची ‘अल्माद्राबा’ नांवाची पद्धति आहे. त्या विद्येंत बेनिदोर्मचे नाखवे इतके निष्णात, कीं इतर किनाऱ्यांवरूनही त्यांना बोलावणें येई. पुष्कळ जण व्यापारी गलबतांवर नोकरी पत्करीत. मागील कोरडवाहू जमिनींत बदाम व ऑलिव्ह पिके. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास मासेमारीचा हा धंदा बसत चालला आणि गांवापुढें पोटाचा प्रश्न उभा राहिला.

अशा समयीं पेद्रो सारागोसा ओर्त्स हे तरुण गृहस्थ नगराध्यक्ष झाले. समुद्र मासे देत नसेल, तर पाहुणे देईल, हें त्यांनीं ओळखलें. परदेशी स्त्रियांना तोकड्या पोहण्याच्या पोशाखांत किनाऱ्यावर वावरण्याची मोकळीक त्यांनीं दिली, तेव्हां धर्मपीठाचा रोष ओढवला. आपण दुचाकी स्कूटरवरून माद्रिद गांठून सर्वाधिकारी फ्रँको यांच्या कानीं गाऱ्हाणें घातलें, अशी हकीकत सारागोसा स्वतः सांगत असत.

याहून महत्त्वाचें कार्य कागदावर झालें. इ. स. १९५६ मध्यें नगरपालिकेनें संपूर्ण गांवाचा आराखडा मंजूर केला. रुंद रस्ते आधीं आंखले, घरें मागाहून आलीं. पुढें इमारतींच्या उंचीवरील बंधन सैल झालें. जमीन थोडी व्यापावी, सभोंवार बाग व तलाव ठेवावा आणि इमारत आकाशांत न्यावी, अशी रीत पडली. इ. स. १९५९ मध्यें पेसेटा हें स्पॅनिश नाणें डॉलरला ६० या भावास उतरविलें गेलें. परकीयांना स्पेन स्वस्त झाला. इ. स. १९६० च्या कायद्यानें एका इमारतींतील निरनिराळ्या गाळ्यांची स्वतंत्र मालकी व सामाईक भागांची व्यवस्था नीट ठरविली. इ. स. १९६७ मध्यें आलिकान्तेचा नवा विमानतळ सुरू झाला. पैसा, कायदा आणि वाहतूक यांचा असा त्रिवेणी संगम घडतांच उत्तर युरोपांतील मध्यम स्थितींतील कुटुंबेंही येथें सुटीस येऊं लागलीं.

परंतु समुद्रकांठीं राहणाऱ्यांचीही तहान गोड्या पाण्यानेंच भागते. इ. स. १९७८ च्या अवर्षणांत या नगराला जहाजांतून पाणी आणावें लागलें. त्या संकटानें डोळे उघडले. नगरानें आपलें सांडपाणी शुद्ध करून शेतकऱ्यांस द्यावें व मोबदल्यांत त्यांच्या वांट्याचें गोडें पाणी घ्यावें, असा व्यवहार या भागांत रुजला.

इ. स. २००२ मध्यें येथें १८६ मीटर उंचीचें बाली हॉटेल उघडलें. इ. स. २००७ मध्यें आरंभिलेली ४७ मजल्यांची ‘इन्तेम्पो’ ही इमारत मात्र आर्थिक मंदींत अडकून वर्षानुवर्षें अर्धवट उभी राहिली व इ. स. २०२१ मध्यें पुरी झाली. आज नगराची कायम वस्ती सत्तर हजारांच्या आसपास असून उन्हाळ्यांत ती कैक पटींनीं फुगते.

कोणी या मनोऱ्यांस किनाऱ्याची विटंबना म्हणतात. उलट, तेवढींच माणसें बैठ्या बंगल्यांतून वसविलीं असतीं, तर मैलोगणती डोंगर व बागा गिळल्या गेल्या असत्या, असें कित्येक नगररचनाकार दाखवून देतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. गांवानें उपासमार टाळली, मुलांचें परागंदा होणें थांबविलें. मात्र ज्या समुद्राची वाट, वारा आणि मासा त्याला तोंडपाठ होता, तो समुद्र आतां खिडकींतून दिसणारें दृश्य झाला आहे. पोट भरलें, विद्या गेली. हा सौदा महाग कीं स्वस्त, याचा निवाडा जुन्या नाखव्यांच्या नातवांनींच करावयाचा आहे.