वेठ, रक्षक आणि सुरा : चित्रपटांतील यंत्रमानवाचा एक छोटा इतिहास

डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित मारक शस्त्रांविषयीचा एक ठराव १५२ मतांनी संमत झाला. विरोधात केवळ चार मते पडली आणि त्यांपैकी एक भारताचे होते. या विषयाची चर्चा जीनिव्हातील पारंपरिक शस्त्रास्त्र कराराच्या व्यासपीठावरच व्हावी, अशी आपली भूमिका होती. त्या व्यासपीठावरील शासकीय तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद २०१७ मध्ये भारताच्याच राजदूतांकडे, अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होते. ही बातमी वाचताना मला (शिक्षणाने मी भौतिकशास्त्रज्ञ असूनही) आधी आठवला तो चित्रपटांतला यंत्रमानव.

‘रोबो’ हा शब्द १९२१ मध्ये प्रागच्या रंगभूमीवर अवतरला. कारेल चापेकच्या नाटकासाठी तो त्याच्या भावाने, योसेफने सुचवला होता. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. म्हणजे हा प्राणी जन्मतःच वेठबिगार. रक्षक तो पुढे झाला. १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’मधील गॉर्ट हा ग्रहांचा पोलीस आहे, आणि त्याला दिलेला अधिकार कोणालाही परत घेता येत नाही. शांततेची ही किंमत प्रेक्षकांनी फारशी कुरकुर न करता मान्य केली, याचे मला आजही नवल वाटते.

दरम्यान १९४२ मध्ये आयझॅक आसिमॉव्हने तीन नियम मांडले होते. मनुष्याला इजा करू नये, आज्ञा पाळावी, स्वतःला जपावे. ते ज्या ‘रनअराउंड’ कथेत प्रथम स्पष्टपणे आले, तिचा विषयच नियमांची कोंडी हा आहे. बुध ग्रहावर सेलेनियम आणायला पाठवलेला यंत्रमानव साठ्याभोवती गोल फिरत राहतो. जवळ जावे तर धोका वाढतो, दूर यावे तर आज्ञेची ओढ वाढते. जिथे दोन्ही प्रेरणा तुल्यबळ होतात, त्या अंतरावर तो अडकतो. दोन विरुद्ध बलांच्या समतोलाचे याहून सुरेख उदाहरण मी वर्गात देऊ शकत नाही. कोंडी फुटते ती एक माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो तेव्हा. पहिला नियम उरलेल्या दोघांना मागे सारतो.

जेम्स कॅमेरूनच्या ‘टर्मिनेटर २’मध्ये (१९९१) असे नियम नाहीत. १९८४ च्या पहिल्या चित्रपटात मारेकरी असलेले तेच प्रारूप इथे नव्या आज्ञावलीसह रक्षक म्हणून येते. पण जॉन कॉनरला वाचवणे एवढेच त्याचे उद्दिष्ट. इतरांच्या जिवाला त्यात किंमत नाही. ती किंमत दहा वर्षांचा जॉन घालतो : कोणाला मारायचे नाही, अशी शपथ तो यंत्राला घ्यायला लावतो. यंत्र शब्द पाळते आणि पहारेकऱ्याच्या पायांत गोळ्या घालते. तो जगेल, एवढाच त्याचा खुलासा. पुढे ते पोलिसांच्या गाड्यांची चाळण करते आणि त्याच्या दृष्टिपटलावर जीवितहानी शून्य उमटते. लहानपणी या दृश्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. आज मला त्या शून्याचीच भीती वाटते. वास्तवातल्या कोणत्याही संवेदकाला आणि वर्गीकरणाला त्रुटी असते. तिथे शून्य हा आकडा मोजून मिळत नाही, पटकथाकार तो लिहितो.

शंकर यांच्या ‘एंदिरन’ने (२०१०, हिंदीत ‘रोबोट’) हाच प्रश्न भारतीय भूमीवर आणला. वसीगरनने चिट्टीला घडवले ते सैन्यासाठी. मूल्यमापनात बोहरा चिट्टीला आज्ञा देतो : तुझ्या निर्मात्याला सुरा मार. चिट्टी निमूटपणे सुरा उगारतो. बोहरा खलनायक आहे, त्याचे हेतू काळे आहेत. तरीही त्याची चाचणी योग्य होती, असे माझे मत आहे. पुढे आगीतून लोकांना वाचवताना चिट्टी स्नान करणाऱ्या एका मुलीला विवस्त्र अवस्थेत सर्वांसमोर आणतो; लज्जेने ती पळते आणि गाडीखाली सापडते. त्याच्या हिशेबी बचाव पूर्ण झाला होता.

दोन्ही चित्रपटांचे शेवट शेजारी ठेवून पाहावेत. न्यायालयाच्या आदेशानंतर चिट्टी स्वतःच स्वतःला सुटे करतो. टर्मिनेटरला मात्र स्वतःचा नाश करण्याची मुभा नाही. वितळलेल्या पोलादात त्याला सोडणारी कळ साराला दाबावी लागते. जीनिव्हात ‘अर्थपूर्ण मानवी नियंत्रण’ या शब्दांवर जो काथ्याकूट चालतो, तो याच कळीविषयी आहे : ती कोणाच्या हाती असावी, आणि ती दाबायला त्याला किती क्षण मिळावेत.