'नव्या' विषाणूचा जुना इतिहास

६ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बंगळूरमधील दोन तान्ह्या मुलांना मानवी मेटान्यूमोव्हायरसचा (एचएमपीव्ही) संसर्ग झाल्याचे जाहीर केले. पाठोपाठ चेन्नई आणि सेलम येथील रुग्णांची नोंद झाली. शेअर बाजार कोसळला. 'चीनमधून आलेला नवा विषाणू' हे शब्द घरोघरी पोहोचले. वास्तविक त्या दोन्ही मुलांनी परदेशप्रवास केलेला नव्हता, आणि विषाणूही नवा नव्हता.

त्याची ओळख पटली २००१ साली, नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे. मागील वीस वर्षांत जमवलेल्या, २८ लहान मुलांच्या श्वसनमार्गातील नमुन्यांत एक विषाणू सापडत होता. परंतु ज्ञात विषाणूंसाठीच्या कोणत्याही चाचणीने त्याचे नाव सांगता येत नव्हते. पेशींच्या संवर्धनात तो अतिशय सावकाश वाढे आणि लक्षणे आरएसव्हीसारखीच असत. इतका काळ तो लपून राहिला यात नवल नाही. बर्नाडेट व्हॅन डेन हूगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अखेर त्याच्या जनुकांचे तुकडे मिळवून त्यांचा अनुक्रम वाचला. सर्वांत जवळचा नातलग निघाला तो टर्की पक्ष्यांना आजारी पाडणारा विषाणू! त्यानंतर १९५८ मध्ये घेतलेले, जपून ठेवलेले रक्तद्रव तपासण्यात आले. त्यांतही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती. म्हणजे निदान अर्धशतक तो माणसांत वावरत होता.

भारतातील पहिली नोंद पुण्याची. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी श्वसनसंसर्ग झालेल्या मुलांत तो आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. बंगळूरच्या बातमीपूर्वी वीस वर्षे! ही नोंद संशोधनपत्रिकेतच राहिली, हे दुर्दैव.

जनुकीय अनुक्रमांवरून या विषाणूचे 'ए' आणि 'बी' असे दोन गट, व प्रत्येकाचे दोन उपगट मानले जातात. त्याच्या पृष्ठभागावरील 'जी' प्रथिन झपाट्याने बदलते, तर पेशीत शिरकाव करून देणारे 'एफ' प्रथिन बरेच स्थिर राहते. जपानमध्ये २०१४ साली 'ए' गटातील काही विषाणूंच्या 'जी' जनुकात १८० न्यूक्लिओटाइडांचा एक तुकडा दुबार आलेला आढळला, आणि २०१७ मध्ये १११ न्यूक्लिओटाइडांचा दुसरा. लसीचे संशोधक म्हणूनच मुख्यतः 'एफ'कडे वळले आहेत. २०२५ च्या जानेवारीत तरी मुलांना देता येईल अशी लस कोणत्याही देशाकडे नव्हती.