उकिरडा, बोहारीण आणि घंटागाडी

केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे शहरांची स्वच्छता तपासून त्यांची क्रमवारी लावणाऱ्या पाहणीत, एक लाखाहून कमी वस्तीच्या गटात सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील नगरपालिकांनी ओळीने तीन वर्षे देशात पहिले स्थान मिळवले : 2020 मध्ये कराडने, 2021 मध्ये विट्याने आणि 2022 मध्ये पाचगणीने. हे यश प्रशासनाचे मानले जाते आणि ते रास्तही आहे. परंतु ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याच्या शिस्तीची मुळे शोधायची झाल्यास कृष्णाकाठच्या जुन्या घराकडे वळावे लागते, कारण तेथे हे वर्गीकरण घरकामाचाच भाग होते आणि नगरपालिकांच्या काळात ते मोडले.

शेतकरी घरात टाकाऊ म्हणावे असे फार थोडे उरे. चुलीतली राख भांडी घासण्यासाठी आणि साठवणीच्या कडधान्याला चोळण्यासाठी वेगळी ठेवली जाई, भाजीची देठे व खरकटे जनावरांपुढे जाई, आणि शेण, गोठ्यातला गदाळा व झाडलोटीचा केर उकिरड्यात, म्हणजे खत कुजवण्याच्या खड्ड्यात, वर्षभर साठे. मृगाच्या पावसाआधी तो उपसून बैलगाड्यांनी शेतात नेत. लुगडे विरले की त्याची वाकळ शिवली जाई, आणि वाकळही फाटली की तिच्या चिंध्यांचे पोतेरे होई.

जे घरात खपत नसे त्याला दारावर गिऱ्हाईक होते. जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण लुगडे उजेडाकडे धरून त्याची वीण पाही, काठ ओढून बघे आणि मग लहानशी वाटी पुढे करी. घरची बाई आणखी एखादे धोतर घालून तिच्याकडून पातेले मिळवू पाही. फुटक्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची मोड तांबटाकडे जाई, रद्दी वाण्याच्या पुड्यांसाठी विकली जाई. याच वृत्तीतून विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूत गलाईचा व्यवसाय फोफावला. जुने दागिने आणि सोनाराच्या दुकानातला केर आटवून त्यांतून शुद्ध सोने-चांदी वेगळी काढणे म्हणजे गलाई, आणि हे काम करणारी इथली माणसे देशभरच्या सराफी पेठांत पोहोचली. झाडलोटीच्या धुळीलाही किंमत असते हे ज्या गावांच्या पोटापाण्याचे ज्ञान होते, त्यांतल्याच विट्याने पुढे कचरा व्यवस्थापनात नाव काढावे, यात एक सुसंगती दिसते.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची काळी बाजू झाकता येत नाही. मेलेली जनावरे ओढणे आणि मैला वाहणे ही कामे जातीने ठरलेली होती आणि ती करणाऱ्यांना गावाने अस्पृश्य मानले. घरातली निवड-टिपणही सर्वस्वी बायकांच्या कष्टांवर चाले.

1850 च्या कायद्यानुसार साताऱ्यात 1853 मध्ये आणि कराडमध्ये 1855 मध्ये नगरपालिका आल्या. त्यांनी रस्ते झाडले, कुंड्या ठेवल्या, मैला व केर कुजवून केलेले सोनखत शेतकऱ्यांना विकले. पण केर एकदा कुंडीत पडला की तो नगरपालिकेचा, ही समजूतही त्याच काळात रुजली. पुढे रासायनिक खते आली, गोठे शहराबाहेर गेले, प्लॅस्टिकच्या पिशव्या कुंडीत मिसळू लागल्या आणि असे खत शेतकऱ्याला नकोसे झाले. मग उरला तो केवळ ढीग. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा तिच्या वाट्याला बेडग रस्त्यावरचे आणि समडोळी रस्त्यावरचे असे कचऱ्याचे डोंगर आले आणि पुढे हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला.

घराला पुन्हा सहभागी करून घेण्याची सुरुवात 2000 सालच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने झाली. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. दारोदार घंटा वाजवत कचरा घेणारी घंटागाडी नाशिकच्या अनुभवानंतर राज्यभर पसरली, आणि 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग करणे प्रत्येक घरावर बंधनकारक केले. पाचगणीने तर जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग फुलवून तिला स्वच्छ भारत पॉइंट असे नाव दिले. तरीही कायद्याहून विश्वास मोठा ठरतो : वेगळा करून दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र टाकलेला एकदा जरी दिसला, तरी दुसऱ्या दिवसापासून वेगवेगळे डबे ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही.

जुने वर्गीकरण टिकले ते प्रत्येक वस्तूला पुढे घेणारा असल्यामुळे. ओल्या कचऱ्याला आज खतप्रकल्प आहे, बाटली-पुठ्ठ्याला भंगारवाला आहे. परंतु डायपर, सॅनिटरी पॅड आणि वेफर्सची चकचकीत पाकिटे यांना उकिरड्यात जागा नाही आणि भंगारवाल्याच्या काट्यावरही नाही. अशा वस्तूंच्या उत्पादकांवर 2016 च्याच नियमांनी जबाबदारी टाकली असली, तरी तालुक्याच्या गावात त्यांचा भार अजून नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्याच हातांवर पडतो.