दरबारी, आदर्श (उत्तर कोकण व मराठेशाही)

राजाच्या सभेत बसून सल्ला देणारा, त्याची पत्रे लिहिणारा, परमुलखात त्याची बाजू मांडणारा आणि फुरसतीत त्याचे मनही रमवणारा सेवक. युरोपात या माणसाचे चित्र बाल्दास्सारे कास्तिल्योने याने ‘इल कोर्तेजानो’ (व्हेनिस, १५२८) या ग्रंथात रंगवले. उर्बिनोच्या राजवाड्यात १५०७ साली चार रात्री चाललेला संवाद, असे त्याचे रूप आहे. दरबाऱ्याला शस्त्र चालवता यावे, संगीत, चित्रकला आणि अभिजात भाषांत गती असावी, आणि यातले काहीही घाम गाळून मिळवल्यासारखे दिसू नये, ही त्यातली अपेक्षा. शेवटच्या गुणाला कास्तिल्योने ‘स्प्रेत्सातुरा’ म्हणतो. मराठीत त्याला अंगची सहजता म्हणता येईल.

दरबाऱ्यावरच असा वेगळा ग्रंथ मराठी मुलखात झाला नाही. त्याचे गुण ताम्रपट, काव्ये आणि राजनीतीची प्रकरणे यांतून वेचून घ्यावे लागतात. कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीकराला त्यासाठी फार लांब जायला नको. तिथून कर्जतच्या दिशेने लोकलचे दुसरे स्थानक अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरात शके ९८२ (१०६०) चा शिलालेख आहे, तो शिलाहार राजा मम्मुणी याच्या काळातला. या शिलाहारांचा दरबार ठाण्यात, म्हणजे तेव्हाच्या श्रीस्थानकात भरत असे.

दरबारात कामांची वाटणी चोख होती. छित्तराजाच्या शके ९४८ (१०२६) च्या भांडुप ताम्रपटात महामात्याबरोबर सांधिविग्रहिक, म्हणजे तह-युद्धाचा पत्रव्यवहार पाहणारे अधिकारी येतात, आणि कर्नाटकासाठी तर वेगळा माणूस नेमलेला दिसतो. लेख लिहिणारा जोगपैया आपली ओळख देताना महाकवी नागलैयाचा पुतण्या असे सांगतो. जमिनीच्या दानपत्रात चुलत्याचे कवित्व मिरवावेसे वाटणे, यातच त्या दरबारात कशाला मान होता ते कळते.

छित्तराज, नागार्जुन आणि मम्मुणी या तिघा भावांच्या आश्रयाला राहिलेला सोड्ढल हा कायस्थ कवी मूळचा लाट देशाचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा. त्याने ‘उदयसुंदरीकथा’ हे चंपूकाव्य लिहिले आणि बाणभट्टाच्या धर्तीवर सुरुवातीला स्वतःची हकिकतही सांगितली. एकामागून एक तीन राजे बदलले तरी त्याचे स्थान टिकले. दरबारी गुणांची याहून कडक परीक्षा सापडणे कठीण.

शिलाहार राजा पहिला अपरादित्य याचा वकील तेजकंठ मात्र या सर्वांत उर्बिनोच्या मापाला जवळ येतो. बाराव्या शतकात तो काश्मीरच्या जयसिंह राजाकडे गेला होता. काश्मिरी कवी मंख याने ‘श्रीकंठचरित’ काव्याच्या शेवटच्या सर्गात आपल्या भावाच्या, म्हणजे राजाचा मंत्री अलंकार याच्या घरी जमलेल्या पंडितसभेचे वर्णन केले आहे. तिथे कनौजच्या गोविंदचंद्राचा वकील सुहल याच्याबरोबर कोकणचा तेजकंठही आहे. वकिलाने परक्या मुलखातल्या कवींच्या बैठकीत शोभून दिसावे, ही अपेक्षा तिथे गृहीत होती. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ टीका अपरादित्याच्या नावाने ओळखली जाते. काश्मिरी पंडित तिला प्रमाण मानत. ती तेजकंठाबरोबर तिकडे गेली असावी, असा तर्क केला जातो.

त्याच शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ (सु. ११३०) रचला. अमात्याच्या लक्षणांपासून राजाच्या करमणुकीपर्यंत शंभर प्रकरणे त्यात आहेत. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपल्या कल्याणशी तिची गल्लत वारंवार होते, ती करू नये.

मराठेशाहीत काव्य-विनोद मागे पडले, लेखणी आणि विश्वास पुढे आले. सहजतेचा नमुना तिथेही आहे. चिटणीस बाळाजी आवजी यांची दंतकथा प्रसिद्ध आहे: सांगितलेले पत्र लिहायला सवड मिळाली नाही, शिवाजी महाराजांनी वाचायला सांगताच त्यांनी कोरा कागद हातात धरून मजकूर अस्खलित म्हटला आणि मशालजी हसल्यामुळे बिंग फुटले. महाराज रागावण्याऐवजी खूश झाले, असे कथा सांगते. हेच बाळाजी १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या विरोधातील कटाच्या आरोपावरून मारले गेले.

कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आली. तिथला कारभार आबाजी सोनदेव यांच्याकडे गेला. कल्याणच्या सुभेदाराची सून पकडून शिवाजी महाराजांपुढे नजर केल्याची कथा त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. तिच्यात धन्याचे मन न ओळखणारा दरबारी दिसतो, पण तिला समकालीन आधार नाही. याच घराण्यातले रामचंद्रपंत अमात्य हे मराठी दरबाऱ्याचा खरा मानदंड म्हणावे लागतील. राजाराम महाराज जिंजीला असताना ‘हुकूमतपनाह’ म्हणून त्यांनी महाराष्ट्रातला कारभार चालवला. राजा शेकडो कोस दूर असताना राज्य सांभाळण्याची वेळ उर्बिनोच्या दरबाऱ्यांवर आली नव्हती.

रामचंद्रपंतांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त (१७१५) प्रधानावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात प्रधानाला हत्तीच्या अंकुशाची उपमा दिली आहे. कास्तिल्योनेच्या चौथ्या रात्रीही चर्चा इथेच येऊन ठेपते: दरबाऱ्याने राजाची मर्जी मिळवायची ती त्याला खरे सांगता यावे म्हणून. तिथे हे तीन रात्रींनंतर सुचते. अमात्य सुरुवातच तिथून करतात, आणि गाणे-बजावणे येते का हे प्रधानाला विचारतच नाहीत. ‘आज्ञापत्रा’नंतर वर्षभरातच रामचंद्रपंत वारले. त्यांची समाधी पन्हाळगडावर आहे.