दोन मने, एक संकेत

डोळ्यांवर जाड पट्टी बांधलेली एक स्त्री रंगमंचावर बसली आहे. तिचा सोबती खाली प्रेक्षकांत हिंडत आहे. कोणी त्याच्या हाती घड्याळ ठेवतो, कोणी नाणे, कोणी जुने पत्र. तो एखादा क्षुल्लक प्रश्न विचारतो आणि तिकडून उत्तर येते : घड्याळ चांदीचे आहे, त्यावरील आकडा अमुक आहे. युरोप-अमेरिकेतील नाट्यगृहांना या खेळाने दीडशेहून अधिक वर्षे थक्क केले. आपणांस तो अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. चादरीखाली निजलेल्या जमुऱ्याकडून बघ्यांच्या खिशांतील वस्तू वदवून घेणारा मदारी आपल्या देशातील कितीतरी चौकांनी पाहिला आहे. आणि बोटांच्या खुणांनी मनोगत कळविण्याच्या विद्येला मराठीत ‘करपल्लवी’ असा गोड शब्दही आहे.

पिनेती नावाच्या इटालियन जादूगाराने 1784 साली लंडनमध्ये आपल्या पत्नीचे डोळे बांधून असाच प्रयोग केला होता. परंतु या कलेला खरी प्रतिष्ठा दिली ती पॅरिसच्या रोबेअर-उदँ याने. मूळचा हा घड्याळजी. फेब्रुवारी 1846 मध्ये त्याने आपला मुलगा एमिल याच्यासह ‘दुसरी दृष्टी’ या नावाचा खेळ प्रथम सादर केला. मुले घरात डोळे बांधून खेळत असता ही कल्पना सुचली, असे तो आत्मचरित्रात सांगतो. पिनेतीचे स्मरण त्याला तेथे होत नाही, हे आपण ध्यानात ठेवावे. मात्र त्याने मुलाकडून करवून घेतलेली तयारी विलक्षण होती. प्रथम सोंगटीवजा डॉमिनोचा एक तुकडा क्षणभर दाखवून ठिपक्यांची बेरीज विचारावयाची, मग दोन तुकडे, असे करीत करीत बारापर्यंत जावयाचे. पुढे बापलेक रस्त्याने जाताना खेळण्यांच्या दुकानासमोरून न थांबता जात, एकच नजर टाकीत, आणि काही पावलांवर कागद काढून पाहिलेल्या वस्तूंची नावे लिहीत. बापाची यादी तिसाच्या आसपास अडखळे. मुलगा पुष्कळदा चाळीस गाठी. तेव्हा एमिलला गुप्त खुणेने वस्तू कळत असे हे खरे. पण ती खूण झेलण्यासाठी बापाने त्या मुलाच्या डोक्यात केवढे कोठार भरून ठेवले होते! नाणी, रत्ने, परक्या लिप्यांची अक्षरे, शस्त्रवैद्यांची हत्यारे, काय नव्हते त्यात?

प्रश्नाच्या शब्दांतच उत्तर दडलेले असते, हे चाणाक्ष प्रेक्षकांनी लवकरच ओळखले. त्यावर रोबेअर-उदँने बोलणेच सोडले आणि केवळ घंटेचा एक टोला देऊन उत्तरे मिळवून दाखविली. तर्क करणारे पुन्हा जागच्या जागी!

शब्दांची ही लिपी कशी असे याचा उत्तम नमुना रॉबर्ट हेलर या इंग्रज जादूगाराचा. तो 1878 साली वारला आणि त्यानंतर त्याची संकेतपद्धती छापली गेली. तीत ‘से’ म्हणजे एक, ‘लुक’ म्हणजे दोन, ‘कॅन’ तीन, ‘डू’ चार, ‘विल’ पाच, ‘व्हॉट’ सहा, ‘प्लीज’ सात. नोटेवरील आकडा 357 असेल तर तीन लहान वाक्ये पुरत. पहिले ‘कॅन’ने सुरू होई, दुसरे ‘विल’ने, तिसरे ‘प्लीज’ने. ऐकणाऱ्यास वाटे, गृहस्थ जरा उतावीळ आहे, इतकेच. वस्तूंच्या याद्या अशाच क्रमवार पाठ केलेल्या असत : एका शब्दाने यादी कळे, दुसऱ्याने यादीतील वस्तू.

याहून सूक्ष्म रीत म्हणजे मूक मोजणीची. चार्ल्स मॉरिट हा इंग्रज जादूगार आपली बहीण लिलियन हिच्यासह 1880 नंतरच्या दशकात ती वापरीत असे. दोघे मनातल्या मनात एकाच गतीने आकडे मोजू लागत. एका बारीकशा चाहुलीने मोजणी सुरू, दुसरीने बंद. जेथे थांबले तो आकडा. ज्याने आपल्याकडील गवई आणि तबलजी दूरच्या आवर्तनानंतर नेमके समेवर एकत्र येताना ऐकले आहेत, त्यास हे अशक्य वाटणार नाही.

रंगमंचावर हा खेळ होता तोवर फसवणुकीचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. तो उद्भवला विद्वानांच्या खोलीत. अतींद्रिय शक्तींच्या शोधासाठी 1882 मध्ये लंडनला एक संस्था निघाली. तिचे एडमंड गर्नी आणि फ्रेडरिक मायर्स यांनी ब्रायटनच्या स्मिथ आणि ब्लॅकबर्न या तरुण जोडीची परीक्षा घेतली आणि विचारसंक्रमण सिद्ध झाले असे मानले. पुढे 1911 साली ब्लॅकबर्नने सारे उघड केले. स्मिथला जाड कांबळ्यांत गुंडाळून, डोळे-कान बंद करून बसविलेले असे. ब्लॅकबर्न दाखविलेली आकृती सिगारेटच्या पातळ कागदावर उतरवी, तो कागद पेन्सिलीच्या पितळी टोपणात सारी आणि सतरंजीला अडखळल्याचे निमित्त करून इशारा देई. स्मिथ चाचपडत पेन्सिल मागे. कांबळ्याखाली त्याच्याजवळ अंधारात चमकणारी पाटी असे! ब्लॅकबर्नने हे लिहिले ते बाकीचे सर्व वारले या समजुतीने. गर्नी आणि मायर्स खरोखरच वारले होते. स्मिथ मात्र जिवंत होता, चलच्चित्रांच्या आरंभीच्या कर्त्यांत त्याचे नाव झाले होते. त्याने आरोप साफ नाकारला. माझ्या मते त्या दोघा विद्वानांची चूक भोळेपणाची नव्हती. सभ्य माणसे आपणांस फसविणार नाहीत, असे त्यांनी गृहीत धरले होते.

हेच पुढे झान्सिग दांपत्याच्या बाबतीत घडले. ज्युलियस आणि अ‍ॅग्नेस हे मूळचे डेन्मार्कचे. लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात 1906 मध्ये त्यांनी एकच खळबळ उडविली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी त्यांची परीक्षा घेऊन, यात हातचलाखी नाही असा अभिप्राय दिला. हूडिनी या त्यांच्या जादूगार मित्राने मात्र ही शुद्ध संकेतविद्या आहे असे निक्षून सांगितले.

नभोवाणीने तर या खेळाला नवेच क्षेत्र दिले. सिडनी पिडिंग्टन हा ऑस्ट्रेलियन सैनिक. सिंगापूरच्या चांगी येथील युद्धकैद्यांच्या छावणीत सोबत्यांचे मन रमविण्यासाठी तो हा खेळ करू लागला. पुढे 1949 मध्ये पत्नी लेस्ली हिच्यासह तो बी.बी.सी.वरून ऐकू येऊ लागला. एकदा ती लंडनच्या टॉवरमध्ये आणि तो केंद्रात. तरीही पुस्तकातून निवडलेली ओळ तिने तेथून सांगितली. निर्णय श्रोत्यांनीच करावा, एवढेच तो म्हणे. रहस्य दोघांनीही अखेरपर्यंत सांगितले नाही.

अ‍ॅग्नेस झान्सिग 1916 साली वारली. ज्युलियसजवळ लिपी होती, याद्या होत्या. समोर बसणारे मन नव्हते. त्याने प्रथम दोन तरुण जादूगारांना एकामागून एक तयार केले. दोघेही यथावकाश स्वतःच्या वाटेने गेले. नंतर त्याने एका शिक्षिकेशी विवाह केला आणि तिला ती सारी कोष्टके शिकविण्यास आरंभ केला. पण रंगमंचाची तिला भीती वाटे.