करमरकरांची शिल्पे आणि कुलाब्याचा किनारा

थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन दुर्गबेटे आहेत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीची तटबंदी आरंभिली, तेव्हा मुंबईकर इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी हे दोघेही विरोधास उभे राहिले. या संग्रामातील सरदारांची नावे इतिहासाने जपली; तारवे चालविणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांची नावे मात्र क्वचितच आढळतात. हा श्रमिक कलेत तरी दिसतो काय? थळच्या उत्तरेस असलेल्या सासवने गावचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या कार्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

गावच्या देवळाच्या भिंतीवर करमरकरांनी रेखाटलेले शिवरायांचे चित्र ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडले आणि त्यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे द्वार उघडले. पुढे पुण्याच्या शिवस्मारकाचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडविला. हे स्मारक राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहिले. १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही देणाऱ्या शाहूंना शिवराय बहुजनांचे राजे म्हणून हवे होते. परंतु पायाभरणी १९२१ मध्ये ब्रिटिश युवराजाने, तर अनावरण १९२८ मध्ये ब्रिटिश गव्हर्नरने केले. खांदेरीवर ज्या सत्तेशी झुंज झाली, तिच्याच हस्ते हा गौरव व्हावा, हा कालखंडाचा विरोधाभास होय.

करमरकरांची दुसरी बाजू ‘मत्स्यगंधा’ या शिल्पात दिसते. शिल्पातील मुलगी किनाऱ्यावरची कोळीण आहे. नाव मात्र पुराणातले आहे. श्रमिक स्त्रीला शिल्पात स्थान मिळाले, पण तिच्या स्वतःच्या नावाने नव्हे. त्याच काळात याच जिल्ह्यात, १९२७ साली, महाडच्या चवदार तळ्यावर मानवी हक्कांचा संगर झाला. १९३३ ते १९३९ या काळात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप लढविला, आणि १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. नाव नसलेली माणसे इतिहासाचे कर्ते झाली.

याच जिल्ह्यातील कुडा लेण्यांच्या शिलालेखांत माळी व लोखंडाचा व्यापारी या दात्यांची नावे आजही वाचता येतात. बौद्ध शिल्पपरंपरेने सामान्यांचे नाव दगडात कोरले होते. सासवन्याच्या संग्रहालयात करमरकरांची शिल्पे पाहताना आपण हा वारसा स्मरावा. कलावंताच्या कौशल्यास वंदन करावेच. परंतु पुराणातील नावाआडची श्रमिक स्त्री ओळखणे, हे आपले इतिहासकर्तव्य आहे.