जुन्या मनगटी घड्याळाची रास्त किंमत कशी ओळखावी?

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या फिलिप्सच्या लिलावात १९५७ सालचे एक ओमेगा स्पीडमास्टर सुमारे ३१ लाख स्विस फ्रँकला विकले गेले. खरेदीदार होते खुद्द ओमेगाचे संग्रहालय. दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच कंपनीला जाहीर करावे लागले की, ते घड्याळ कारखान्यातून एकसंध बाहेर पडलेले नसून, बहुतांशी अस्सल पण निरनिराळ्या ठिकाणचे भाग जुळवून तयार केलेले आहे. निर्मात्याचीच जिथे फसगत होऊ शकते, तिथे हौशी खरेदीदाराने किती सावध असावे, हे वेगळे सांगायला नको. जुन्या घड्याळाची किंमत केवळ त्यावरील नावाला मिळत नाही. ती त्या घड्याळाच्या मूळपणाला मिळते. म्हणूनच किंमत ठरवणे म्हणजे मूळ काय उरले आहे आणि काय गेले आहे, याचा हिशेब मांडणे होय.

मागणी आणि प्रत्यक्ष विक्री

संकेतस्थळावर दिसणारा आकडा विक्रेत्याची अपेक्षा सांगतो, बाजारभाव नव्हे. महिनोन्‌महिने न विकल्या गेलेल्या घड्याळांच्या किमती पाहून अंदाज बांधल्यास तो हमखास चढा येतो. क्रोनो२४वर प्रामुख्याने मागणीच्या किमती दिसतात. ईबेवर पूर्ण झालेले व्यवहार वेगळे काढून पाहता येतात. मोठ्या लिलावगृहांच्या जाहीर निकालांत खरेदीदाराचे कमिशन बहुधा धरलेले असते. स्वतः बोली लावताना मात्र ते वर मोजावे लागते. तुलना करताना केवळ ‘सीमास्टर’ हे नाव पुरेसे नाही. केसच्या मागील झाकणाच्या आत कोरलेला मॉडेल क्रमांक, यंत्रणेचा क्रमांक, केसचा धातू आणि तबकडीचा प्रकार जुळत असेल तरच दोन घड्याळे तुलनेस पात्र ठरतात. अलीकडचे असे तीन-चार व्यवहार मिळाले की पाया तयार होतो.

तबकडी: किमतीचा सर्वांत मोठा वाटा

पुन्हा रंगवलेल्या तबकडीमुळे घड्याळाचे मूल्य अनेकदा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. भिंगातून पाहिल्यास अक्षरांच्या फुगलेल्या कडा, मिनिटांच्या खुणांचे असमान अंतर, तळाची ‘स्विस मेड’ ही अक्षरे वाकडी किंवा गायब असणे, या गोष्टी लक्षात येतात. वयोमानाने आलेला पिवळसरपणा वा बारीक डाग हे संग्राहकांच्या लेखी दोष नसतात. पन्नास वर्षांचे घड्याळ कोरे करकरीत दिसणे हेच संशयास्पद.

अंधारात चमकणारा लेपही पुष्कळ काही सांगतो. १९६०च्या दशकापर्यंत त्यात रेडियम असे. पुढे ट्रिटियम आले आणि तबकडीच्या तळाशी ‘टी स्विस टी’ अशी खूण दिसू लागली. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२ वर्षांचे असल्याने साठ वर्षांपूर्वीचा लेप आज रात्रभर चमकत असेल, तर तो नंतर भरलेला आहे. काटे चमकतात आणि तबकडी चमकत नाही, असे आढळल्यास काटे बदललेले असण्याचा संभव असतो. रेडियमची धूळ घातक असते, त्यामुळे असे घड्याळ स्वतः उघडू नये.

केस आणि यंत्रणा

वारंवार पॉलिश केल्याने केसच्या धारदार कडा गोलावतात, पट्टा अडकवण्याची टोके बारीक होतात आणि कोरीव अक्षरे पुसट होतात. घासून गेलेला धातू परत येत नाही. ओरखडे मात्र खपतात. सोन्याच्या केसवर शुद्धतेचा शिक्का तपासावा: १८ कॅरेटसाठी ७५०, १४ कॅरेटसाठी ५८५. अशा घड्याळाची किंमत सहसा सोन्याच्या वजनाच्या मोलाखाली जात नाही. मुलाम्याच्या केसला हा आधार नसतो.

यंत्रणेचे छायाचित्र न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेणे म्हणजे अंधारात उडी. ओमेगाच्या यंत्रणेवरील क्रमांकावरून निर्मितीचा काळ ढोबळपणे कळतो. १९७०च्या दशकातील सेइकोच्या मागील झाकणावरील क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, तर दुसरे चिन्ह महिना दाखवते. दशक मात्र मॉडेलवरून ठरवावे लागते. टाइमग्राफर या उपकरणावरील नोंदही मागावी. पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्स चक्राचा झोका २७० अंशांच्या आसपास असणे चांगले; २२० अंशांखाली असल्यास दुरुस्तीचा खर्च धरूनच चालावे. ‘चालू स्थितीत’ या शब्दांचा अर्थ ‘नुकतेच साफ करून तेल घातलेले’ असा होत नाही.

‘मुंबई स्पेशल’

परदेशातील संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. भडक रंगांच्या, कंपनीने कधीच न काढलेल्या तबकड्या, चकचकीत केस आणि मिळतील ते सुटे भाग घालून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या फावर-ल्यूबा, वेस्ट एंड, सेइको, एचएमटी यांना तो लावला जातो. याला इतिहासही आहे. फावर-ल्यूबाचा मुंबईतील व्यापार १८६५ पासूनचा. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळांची निर्मिती सुरू केली. आयातीवर निर्बंध असलेल्या काळात घड्याळ टाकून देण्याची चैन परवडणारी नव्हती. फिकट झालेली तबकडी रंगवून घेणे ही तेव्हा फसवणूक नव्हे, तर दुरुस्ती होती. कारागिरांच्या या कौशल्यामुळेच असंख्य घड्याळे आजवर टिकली.

अडचण येते ती असे घड्याळ ‘मूळ अवस्थेतील’ म्हणून विकले जाते तेव्हा. एचएमटी घड्याळांचा कारभार बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. ‘जनता’ आणि ‘पायलट’ या मॉडेलांविषयी जिव्हाळा वाढला, तशा त्यांच्या नव्याने छापलेल्या तबकड्याही बाजारात वाढल्या. हौसेने वापरायला असे घड्याळ घेण्यात काहीच गैर नाही. संग्राहकाची किंमत मात्र त्यासाठी मोजू नये.

कहाणी आणि कागद

अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किमतीस गेले. तो दाम घड्याळाच्या निर्विवाद मालकीपरंपरेचा होता. मूळ बिल, हमीपत्र, पेटी किंवा दुरुस्तीच्या पावत्या असतील तर जास्त मोजावे. विक्रेत्याच्या तोंडी आठवणींसाठी मोजू नये.

हिशेबाचे उदाहरण

समजा, १९६०च्या दशकातील पोलादी सीमास्टर मूळ तबकडीसह आणि नुकतीच दुरुस्ती झालेल्या अवस्थेत १,००० डॉलरला विकले जात आहे. हाती आलेल्या घड्याळाच्या दुरुस्तीचा पुरावा नाही: ३०० डॉलर वजा. चावी मूळ नाही: ५० वजा. कुरिअर आणि कर: १२० वजा. रास्त किंमत उरते ५३० डॉलर. तेच घड्याळ पुन्हा रंगवलेल्या तबकडीचे असेल, तर पायाच ५०० डॉलरचा. खर्च वजा जाता उरतात अवघे ३० डॉलर. ‘स्वस्त’ घड्याळ महाग कसे पडते, ते इथे कळते.

सीमेपलीकडून मागवताना कराचा आकडा आधीच मांडावा. ब्रिटनमध्ये आयातीवर सर्वसाधारणपणे २० टक्के व्हॅट लागतो. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे.

व्यवहारापूर्वी

तबकडी, काटे, चावी आणि यंत्रणा मूळ आहेत का, शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि परत घेण्याची मुदत किती, ही उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत. टाळाटाळ झाली, तर संशयास्पद भाग बदललेलाच आहे असे समजून आकडा खाली आणावा. आपली कमाल किंमत विक्रेत्याशी बोलण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावी आणि ती ओलांडली गेल्यास व्यवहार सोडून द्यावा.

वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ घरात असेल, तर त्यालाही हीच कसोटी लावून बाजारमूल्य जरूर जाणून घ्यावे. तबकडी रंगवलेली निघाली, तर ते मूल्य किरकोळ असेल. पण ती कोणी, केव्हा आणि का रंगवून घेतली हे घरात कोणाला ठाऊक असेल, तर ते लिहून घड्याळासोबत ठेवावे. बाजारातल्या बहुतेक घड्याळांना एवढाही इतिहास नसतो.